बाबूरावांची जीभ

सोयाबीनची कापणी अर्ध्यावर आली होती. बाबूरावांच्या शेतात आम्ही आठ-दहा जण सकाळपासून वाकलेले. आश्विनातलं ऊन, मानेवर तापला तवा ठेवल्यासारखं. शेंगा इतक्या वाळलेल्या की विळा जरा जोरात लागला की दाणे तडतडत काळ्या मातीत जायचे. तेवढ्यात राऊ गावाकडून येणारा टेम्पो सडकेवर थांबला आणि पांढऱ्या साडीतली एक बाई उतरली. पन्नाशी ओलांडलेली, हातात कापडी पिशवी.

वसुधा वहिनीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि विळा तसाच घेऊन ती बांधावरून धावत सुटली.

"ए, थांब! कुठं चालली तू? माझा माणूस खाल्ला, आता मामाजींना खायला आली काय?"

बाई चालतच राहिली. वहिनीनं वाकून एक ढेकूळ उचललं आणि नेम धरून मारलं. ते बाईच्या खांद्यावर फुटलं, पांढऱ्या साडीवर काळा डाग पडला. बाईनं हातानं माती झटकली आणि मला विचारलं, "बाबूरावांचं घर कोणतं?"

मी खाली बघत बोट दाखवलं. मी तिला ओळखलं होतं. ती आमच्या मिलची इंदिरा सिस्टर होती.

आता ही भानगड नीट सांगतो. मी अच्युत, इंदूरच्या कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होतो. मिलला ताळं लागलं तसे आमच्या काळीखेडीचे पंधरा-वीस जण परत गावात येऊन शेतीला लागलो. आमच्या मिलमध्ये एक दवाखाना होता. डॉक्टर हप्त्यातून दोनदा यायचा. बाकी सगळा कारभार दोघांचा, इंदिरा सिस्टर आणि कंपाउंडर बाबूराव. बाबूराव आमच्याच गावचे. गाव त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणायचं. मामा म्हणणारा एकटा जयसिंगराव, वसुधा वहिनीचा नवरा, कारण तो त्यांच्या चुलत बहिणीचा मुलगा; त्याच नात्यानं वहिनी मामाजी म्हणायची. त्यांनीच त्याला मिलमध्ये चिकटवला होता.

मिल बंद व्हायच्या दोन वर्षं आधी जयसिंगराव घसा सुजला म्हणून दवाखान्यात गेला आणि तिथंच इंजेक्शननं मेला. चांगला धट्टाकट्टा, बत्तीस वर्षांचा माणूस. रजिस्टरात लिहिलेलं निघालं की इंजेक्शन सिस्टरनं दिलं, औषध अंगाला सोसतं का ती टेस्ट न करता. बाबूरावांनी सगळ्यांपुढे सांगितलं, "मी तर गोदामात औषधं आणायला गेलो होतो. आलो तेव्हा पोरगा गेलेला होता." सिस्टर म्हणत राहिली की मी दुसऱ्या खोलीत एकाच्या हाताला पट्टी करत होते. कोण ऐकणार? तिला काढलं. आम्ही शंभरेक लोक स्नेहलतागंजात तिच्या खोलीपुढे जाऊन ओरडलो. काचा फुटल्या. त्यातली एक काच माझ्या दगडानं फुटली. पुढं मिलच बंद पडली, चौकशीचे कागद कुठं गेले कुणाला ठाऊक.

बाबूराव आपल्या माणसाच्या बाजूनं बोलले म्हणून वहिनी तेव्हापासून त्यांना देव मानायची. त्यांच्या शेतात सगळ्यांच्या आधी कामाला यायची.

आणि या कापणीआधीच्या उन्हाळ्यात बाबूरावांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ गेली. मुलगा देवेंद्र पीथमपूरला नव्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या सांभाळता सांभाळता त्याला घर दिसत नव्हतं. सगळं सुनेवर, विनीतावर. तिनं तीन आया ठेवल्या, तिन्ही वासानं पळाल्या. शेवटी इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं, सुदामा नगरात एक बाई घरोघर जाऊन आजारी माणसं सांभाळते, तिच्यासारखी दुसरी नाही. विनीता लग्न होऊन आली ती मिल बंद पडल्यावर. तिला काय माहीत!

वहिनी विळ्यासकट तिच्या दारात जाऊन उभी राहिली. "हिला काढ, विनीता! ही मारून टाकेल मामाजींना."

विनीता म्हणाली, "वहिनी, आत येऊन पाठ बघा त्यांची. आणि मग तुम्ही सांगा, कुणाला ठेवू?"

उचलायला माणूस हवा म्हणून मलाही आत बोलावलं. मी त्यांना कुशीवर केलं. माकडहाडावर मूठ जाईल एवढी जखम, आत पिवळं. इंदिरा सिस्टरनं पदर खोचला, पाणी उकळायला सांगितलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि तासभर ती जखम साफ करत बसली. तोंडानं एकदा शी नाही की हाय नाही. मग पुढे येऊन तिनं बाबूरावांचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसला, तेव्हा त्यांनी तिला पाहिलं.

माणसाचे डोळे इतके मोठे होतात हे मला माहीत नव्हतं. डावा हात सुनेकडे करून ते "आं... आं..." करायला लागले. विनीताला वाटलं, दुखतंय.

सिस्टर त्यांच्या कानाशी वाकली. मी खांदा धरून होतो म्हणून मला ऐकू आलं.

"घाबरू नका, बाबूराव. माझ्या हातून तुम्ही मरणार नाही. मरून सुटू देणार नाही मी तुम्हाला. तुमची जीभ बोलती करणार आहे."

त्या दिवसापासून ती तिथंच राहिली. वहिनीनं पण हट्ट धरला, "मी रोज येऊन बसणार. ही काय पाजते, काय टोचते, सगळं बघणार." काम आटपलं की ती येऊन खाटेच्या समोर बसायची. एकटक बघत.

आणि काय बघायची? दर दोन तासांनी कूस बदलणं. पाठीला हलक्या हातानं तेल. मान पुढे झुकवून चमच्या चमच्यानं पेज, एक घोट गिळला की नाही हे गळ्याला बोट लावून बघायचं, मगच दुसरा. बोटाला कापड गुंडाळून तोंड आतून पुसायचं. लघवीनं चादर ओली झाली तर दिवसातून सहा वेळा बदलायची, आणि त्यांना लाज वाटू नये म्हणून तेवढ्या वेळ सगळ्यांना बाहेर काढायचं. वहिनीला सुद्धा.

"मला काय को बाहेर काढते? मी बघणार म्हटलं न!" वहिनी एकदा तडकली.

"माझ्यावर नजर ठेव, खुशाल ठेव. त्यांच्या उघड्या अंगावर नाही," सिस्टर म्हणाली.

वहिनी बाहेर आली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

जीभ बोलती करायची तिची तऱ्हा वेगळी. ओठांच्या कोपऱ्याला मधाचा थेंब लावायची आणि म्हणायची, "चाटा." जीभ तिथवर पोचायला आठ दिवस लागले. मग दुसरा कोपरा, मग वरचा ओठ. गाल फुगवायला लावायची, जळती मेणबत्ती फुंकायला लावायची. मग प, ब, म. मग पाणी, बाबा, माती. ते कंटाळून डोळे मिटून घ्यायचे, तर ही पुढ्यात बसून राहायची. "मला घाई नाही. सात वर्षं थांबले, आणखी थांबेन."

कार्तिक संपता संपता जखम भरून आली, गुलाबी कातडी धरली. शेतात आलूला माती लावायचं काम चाललं होतं. एका सकाळी ती विहिरीवर चादरी धूत होती, तिथं मी धीर करून म्हणालो, "सिस्टर, तुमच्या खोलीवर त्या दिवशी आम्ही..."

"निळा सदरा होता तुमचा," ती न बघता म्हणाली. "उजव्या हातात दगड. माझी आई आत झोपली होती. काच तिच्या पलंगावर पडली."

मी गारठलो. "मग इथं कशाला एवढं करून राहिल्या? त्यांना तसंच सडू द्यायचं."

तिनं चादर पिळली. "मी बावीस वर्षं त्या मिलमध्ये माणसं सांभाळली, अच्युत भिया. कोणाचं बोट कापलं, कोणाच्या छातीत कापूस बसला. एका दिवसात मी खुनी झाले. एकही नर्सिंग होम मला उभं करेना. खरं काय ते त्या एका तोंडात आहे. ते बंद पडलं तर मी मरेपर्यंत खुनीच. म्हणून ते तोंड मला पाहिजे. आणि हाताचं म्हणाल, तर हाताला दुसरं काही येत नाही. दुष्मनाची जखम पण तो तशीच धुतो."

पौषात एका दुपारी बाबूराव पहिलं अख्खं वाक्य बोलले. मी त्यांना खुर्चीत बसवत होतो. सिस्टर पेज भरवत होती. त्यांनी चमचा हातानं बाजूला केला, तिच्याकडे रोखून पाहिलं आणि जड जिभेनं, पण नीट कळेल असं म्हणाले, "इंजेक्शन... तूच दिलं होतं."

माझ्या अंगावर काटा आला. जी जीभ तिनं मध लावून लावून उठवली, तिनं पहिली चाल ही केली!

सिस्टरनं चमचा वाटीत ठेवला. त्यांचे ओठ पुसले. म्हणाली, "आणखी एकदा म्हणा. 'इंजेक्शन' नीट आलं नाही."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हो गया! हा माणूस बदलणार नाही, सिस्टर. उलट आता गावभर बोलत सुटेल."

"बोलू दे," ती म्हणाली. "खोटं बोलायला फार लक्ष ठेवावं लागतं, काय सांगितलं, कुणाला सांगितलं. लकवा झालेल्या माणसाला तेवढं लक्ष राहत नाही. जरा काळीज हललं की रडू येतं, आणि रडताना तोंडाला लगाम राहत नाही. मी बघितलेत असे कितीतरी."

सासरे बोलायला लागले म्हणून विनीता इतकी खूश झाली की तिनं रविवारी दाल-बाफल्यांचं जेवण घातलं. अंगणात पन्नासेक माणूस. त्यात आम्ही मिलचे सगळे. बाबूराव धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत. लोक येत, "डॉक्टरसाहेब, राम राम" करत, आणि ते अडखळत "राम राम" म्हणत. छाती फुगलेली. सिस्टर मागं खुर्चीची पाठ धरून उभी.

वहिनी पुढे आली आणि त्यांच्या पायाशी बसली. तिचे डोळे आधीच भरलेले.

"मामाजी, तुम्ही बोलायला लागले, माझं देवानं ऐकलं."

सिस्टर शांतपणे म्हणाली, "वसुधा, तुला काही विचारायचं असेल तर विचार. आता त्यांना बोलता येतं."

वहिनीनं तिच्याकडे रागानं पाहिलं. पण मग ती विचारत गेली, हळूच, लहान मुलीसारखी. "मामाजी, मला एकच रुखरुख आहे. शेवटी ते काही बोलले का हो, नंतर तुमच्या कानावर आलं असेल? माझं नाव, पोरांचं काही? कुणालाच माहीत नाही म्हणतात."

बाबूरावांचा चेहरा वाकडा झाला. ओठ थरथरले आणि त्यांना रडू फुटलं. डाव्या हातानं त्यांनी वहिनीचं डोकं कुरवाळलं.

"तुझं... नाव... घेतलं गं. मग म्हणाला, मामा... सुई काढा. छाती... भरून येते, मामा. माझा हात... धरून ठेवला होता त्यानं."

अंगणात पळीचा आवाज थांबला. वहिनीनं हळूहळू मान वर केली.

"तुमचा हात?"

ते रडत होते.

"मामाजी, तुम्ही तर गोदामात होता. ते गेल्यावर आला म्हणाला होता. सात वर्षं तेच सांगितलं मला. आणि सुई काढा, हे ते मामाला म्हणाले? मामा तर ते एकट्या तुम्हालाच म्हणायचे."

बाबूरावांचं रडणं एकदम थांबलं. तोंड उघडं राहिलं. त्यांनी मागं वळून सिस्टरकडे पाहायचा प्रयत्न केला, पण मान तेवढी वळत नव्हती. मग ते पुन्हा "आं... आं..." करायला लागले, जसे पहिल्या दिवशी करत होते.

सिस्टर समोर आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"नाटक करू नका. तुमची जीभ ठीक आहे. मी रोज बघते ती. बोला."

कोणी हललं नाही. विनीता हातात तुपाचं भांडं घेऊन तशीच उभी.

"बोला, बाबूराव!"

"घाई... होती," ते शेवटी म्हणाले. "टेस्टला... अर्धा तास लागतो. त्याची पाळी... चुकली असती. मीच टोचलं. नोकरी गेली असती माझी... मुलगा शिकत होता..." आणि मग सरळ सिस्टरला, "तुला... कोण होतं? एकटी बाई. तुझं... चाललं असतं."

वहिनी उठली. मला वाटलं, ती त्यांना मारणार. तिनं काही केलं नाही. त्यांचा हात आपल्या डोक्याला लागला होता ती जागा तिनं पदरानं पुसली, खसाखसा, केस निघतील अशी, आणि ती चालती झाली. तिच्यामागं आम्ही मिलचे सगळे उठलो. अर्धी ताटं तशीच राहिली. त्या रविवारनंतर बाबूरावांच्या अंगणात गावचं माणूस फिरकलं नाही. ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालायचे, चांगला स्पष्ट राम राम, आणि लोक पुढे निघून जायचे. आलू काढायला विनीताला राऊहून मजूर आणावे लागले.

सिस्टर लगेच गेली नाही, याचं मला सगळ्यात नवल वाटलं. ती आणखी नऊ दिवस राहिली. विनीताला कूस बदलायला शिकवलं, भरवायला शिकवलं, जखमेची जागा कशी बघायची ते दाखवलं. त्या नऊ दिवसांत ती बाबूरावांशी एक शब्द बोलली नाही. ते "सिस्टर, सिस्टर" करायचे. ती त्यांचं अंग पुसायची, औषध द्यायची, आणि उठून जायची.

निघाली त्या सकाळी मी तिची पिशवी घेऊन सडकेपर्यंत गेलो. वसुधा वहिनी आधीच तिथं उभी होती. टेम्पो लांबून येताना दिसला तशी ती पुढे झाली आणि सिस्टरच्या पायावर वाकली. सिस्टर दोन पावलं मागं सरली.

"नको. सात वर्षं तू मला खुनी म्हणालीस. इंदूरच्या बाजारात, देवळात, जिथं दिसेन तिथं. तुझं दुःख खरं होतं, मला माहीत आहे. पण माझ्या कानातून ते जाणार नाही."

वहिनी तशीच अर्धी वाकलेली राहिली. मी हात जोडले.

"सिस्टर, त्या दगडाची... मी माफी..."

तिनं माझ्या हातून पिशवी घेतली आणि टेम्पोत चढून बसली.

"तुमच्या घरी कोणी आजारी पडलं तर निरोप धाडा, भिया," ती म्हणाली. "रातोरात येईन, पाठ धुईन, भरवीन. पण माफी मागायला येऊ नका."