टिवोंगेच्या नावाने गेलेली मेल

"टिवोंगे, टाके किती पडले गं? बोलायला त्रास होत असेल तर राहू दे."

फोनवर तिचे शाळेतले गोंडवे मास्तर होते. टिवोंगे म्हांगो म्झुझूच्या इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात थर्मामीटर हातात धरून उभी होती.

"कसले टाके, मास्तर?"

"अपघाताचे! काल तुझी मेल आली ना. मी लगेच त्यातल्या नंबरावर पैसे पाठवले. मिळाले का?"

तिने थर्मामीटर खाली ठेवला. अपघात झाला नव्हता आणि मेलही तिने लिहिली नव्हती.

इस्पितळाचे संगणक सांभाळणाऱ्या लुसुंगूने तिची मेल तपासली. "सिस्टर, कुठं पासवर्ड दिला होतात का?"

दिला होता. वाकड्या पावलांच्या बाळांसाठी तिचा भाऊ लीड्सहून बूट पाठवणार होता. काल सकाळी मेल आली: पत्ता अपुरा आहे, संध्याकाळपर्यंत खात्री करा, नाहीतर पार्सल परत जाईल. त्याच वेळी वॉर्डात दोघी एकदम अडल्या होत्या. तिने घाईघाईत बटण दाबलं आणि मागितलं ते भरलं.

"हे बघा," लुसुंगू म्हणाला, "तुमचं नाव नाही, नुसतं 'प्रिय ग्राहक'. पार्सलचा नंबर नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे अक्षरांची खिचडी. आणि पार्सलवाल्याला तुमच्या मेलचा पासवर्ड कशाला हवा?"

तिने भावाला फोन लावला.

"पार्सल? अगं ताई, बूट अजून माझ्या टेबलावरच आहेत!"

लुसुंगूने पासवर्ड बदलला, पण तोवर तिच्या नावाने दोनशे चौदा जणांना 'अपघात झालाय, पैसे पाठवा' अशी मेल गेली होती. मास्तरांचे पैसे कुणीतरी केव्हाच काढून घेतले होते. छपराच्या पत्र्यांसाठी दोन वर्षं साठवलेले पैसे होते ते.

दुपारी ती मास्तरांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मास्तर मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा खात होते. तिला धडधाकट पाहून त्यांनी आधी तिचे दोन्ही हात हातात घेतले, मग सगळं ऐकलं. ताट बाजूला सरकवलं.

"मास्तर, मला शिव्या तरी घाला."

"मेलमध्ये चार चुका होत्या," मास्तर म्हणाले. "माझी विद्यार्थिनी असं लिहिणार नाही, हे कळलं होतं मला."

"मग पाठवलेत का?"

"तू जन्मात कुणापुढे हात पसरला नाहीस. वाटलं, पोरगी फारच अडलीय, लिहिताना हात थरथरत असतील."

रोज दहा जणींना धीर देणारी टिवोंगे पायरीवर नुसती बसून राहिली.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर ती पुढे गेली. "पार्सलच्या खोट्या मेलला मी फसले," ती म्हणाली. "माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आधी मला फोन करा. आणि पासवर्ड कुणालाच सांगू नका."

"शिकलेली नर्स, आणि बटण दाबून बसली!" मागून कुणीतरी हसलं.

तिची मान खाली गेली. तेवढ्यात काठी टेकत गोंडवे मास्तर उठले.

"तिनं बटण दाबलं, पैसे मी पाठवले. मीही शिकलेलाच आहे."

हसणं थांबलं. मग तिसऱ्या बाकावरची, बँकेत काम करणारी बाई उठून उभी राहिली. "मीही फसले होते," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं, पण ती खाली बसली नाही.