प्रार्थना करणारं कबूतर

"उतरलं! उतरलं!" अशी आरोळी उठली आणि अख्खा तंबू बाकांवरून उभा राहिला. मागच्या लोकांना पुढच्यांच्या टोप्यांपलीकडे काही दिसेना, म्हणून ते बाकांवर चढले. कुणी रडत होतं, कुणी हात वर करून डोलत होतं. एका बाईने आपला चष्मा पायाखाली तुडवून टाकला आणि आनंदाने शेजारणीऐवजी तंबूच्या खांबालाच मिठी मारली.

कॅन्ससमधल्या हार्लन बेंड गावाच्या जत्रेच्या मैदानावर हात लावून रोग बरे करणारे फिरते धर्मप्रचारक ब्रदर टगल यांचा तंबू लागला होता. ऑगस्टचा उकाडा असा की बाहेर मक्याची पानं वळून गेली होती आणि आत माणसं शिजत होती. पवित्र भूमी म्हणून सगळ्यांनी बूट-चपला बाहेर काढलेल्या, पायाखाली लाकडाचा भुसा. हातात पुठ्ठ्याचे पंखे होते, ते गावातल्या दफनविधी करणाऱ्या दुकानाने फुकट वाटले होते. गिऱ्हाइकं कुठून येणार, हे त्या दुकानाला चांगलं कळत असावं.

आणि एवढ्या उकाड्यात ब्रदर टगल यांच्या अंगात काळा लोकरी कोट! कोट कशाला, असं कुणी विचारलं नाही. "प्रभूच्या माणसाला गरम कसं होईल?" असं लोक उलट कौतुकाने म्हणत.

"बघा माझे हात!" ब्रदर टगल गरजले होते. "या हातांत औषध आहे?"

"नाही!"

"सुई आहे? डॉक्टरकीचा कागद आहे? अहो, मी आठवीतच शाळा सोडली! लोक म्हणाले, टगल, शिकला नाहीस तर करशील काय? मी म्हटलं, ज्याने समुद्र दुभंगवला त्याला माझी मार्कं बघायची नाहीत!"

"आमेन!"

मग त्यांनी पांढरा रुमाल झटकला आणि त्यातून पांढरंशुभ्र कबूतर निघालं. ते खांबांभोवती एक चक्कर मारून तिसऱ्या रांगेतल्या नेडा फ्रीसनच्या खांद्यावर उतरलं. ब्रदरांच्या पत्नीने थोड्याच वेळापूर्वी नेडाच्या खांद्यावर आशीर्वादाची पांढरी शाल घातली होती. कबूतर तिथे बसलं, चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गळा थरथरत होता.

"ऐका! ते बोलतंय!" कुणीतरी किंचाळलं. "नेडासाठी प्रार्थना करतंय!"

शेवटच्या रांगेत नेडाची थोरली बहीण वर्ला स्टॅम्पर उभी होती. ती तेवढी डोलत नव्हती. उघड्या चोचीच्या कबुतराला काय होत असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वर्ला आणि तिचा नवरा मनरो यांनी उभा जन्म जादूचे खेळ करण्यात घालवला होता. शाळा, जत्रा, कारखान्यांची स्नेहसंमेलनं. खेळ संपायचा तो कबुतरांवर. मनरो गेला, खेळ बंद झाले, पण मागच्या ओसरीवरची कबुतरं अजून वर्लाच सांभाळत होती. मनरोचा दंडक असा, की पाखराला कोटाच्या खिशात घालायचं ते अगदी पडद्यामागे, शेवटच्या घटकेला. आणि बाहेर काढलं की आधी पाणी, मग टाळ्या. लोक टाळ्या वाजवत उभे असत आणि मनरो पाठ फिरवून पाखराला वाटीतलं पाणी पाजत असे. प्रेक्षकांना तो उद्धट वाटे.

दुसऱ्या आठवड्यात वर्ला नेडाच्या घरी गेली तेव्हा नेडा ओट्याशी उभी राहून बर्फ घातलेला चहा पीत होती. पेला संपला की ती लगेच पुन्हा भरत होती.

"किती पितेस?"

"उकडतंय ना! आणि बघ की, हा झगा मला होत नव्हता. आता कसा सैल झालाय! ब्रदर म्हणाले, रोग अंगातून निघून चाललाय."

"नेडा, इन्सुलिन?"

"वेदीपुढच्या टबात टाकलं. सगळ्यांनी टाकलं आपापलं. लॉर्ना केसलरने तर हृदयाच्या गोळ्या टाकल्या, तिच्या नवऱ्याने कुबड्या."

वर्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेडा टेबलाकडे लंगडत आली, तेव्हा वर्लाने विचारलं, "पायाला काय झालं?"

"भुशातली काडी गेली टाचेत. काही नाही गं ते."

वर्ला टगल यांची हातचलाखी उघडी करायच्या तयारीने आली होती. ती गाडीपाशी गेली आणि जाकीट घालून परत आली. तिने नेडाच्याच ओट्यावरचं फडकं घेतलं, दोन्ही बाजूंनी दाखवलं, झटकलं, आणि त्यातून कबूतर काढलं. मग जाकिटाचं अस्तर उलटून आतला खिसा दाखवला. पाखराला गुंडाळायची कापडी झोळी आणि तिला बांधलेला मासे धरायच्या पातळ दोऱ्याचा फास दाखवला.

"हा फास अंगठ्यात अडकवायचा आणि रुमालाआड ओढायचा. बस, एवढीच ती पवित्र विद्या. तुझ्या लग्नातही केला होता की आम्ही हा खेळ!"

नेडाने कबुतराकडे निरखून पाहिलं. ते खुर्चीच्या पाठीवर बसून पिसं साफ करत होतं.

"ही जादू झाली, वर्ला. तुझी जादू मी लहानपणापासून बघत आलेय. पण तुझं पाखरू बघ की, चोच मिटून बसलंय. त्यांचं प्रार्थना करत होतं."

"अगं, प्रार्थना कसली! ते धापा टाकत होतं! उकाड्यात कोटात कोंडलं की पाखरू चोच उघडतं. माझं गप्प आहे, कारण त्याला काही होत नाहीये."

"बघ, तूच म्हणतेस ना. तुझ्या पाखराला काही होत नाही." नेडा समजुतीने हसली. "त्यांच्या पाखराला होतं."

जन्मभर पाखरांना सुखात ठेवलं, तेच आता वर्लाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभं राहिलं. तिला हसावं की रडावं कळेना. तिने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, येत नसेल तर बांधून कसं आणू? तुम्हीच तिला समजवा.

शेवटच्या सभेला नेडा साक्ष देणार होती. वर्ला तिला धरून घेऊन गेली. न नेती तर नेडा रांगत गेली असती. नेडाचे ओठ कोरडे पडले होते, बोलताना शब्द अडखळत होते. लोक तिच्याकडे बघून म्हणत होते, "चेहऱ्यावर काय तेज आलंय!"

गर्दी दुप्पट होती, आणि गर्दी बघून ब्रदर टगल यांना चेव आला. प्रवचन लांबतच गेलं. ते सैतानावर बोलले, डॉक्टरांवर बोलले, दोघांत फारसा फरक नाही यावर तर फारच बोलले. नेडाशेजारी, अगदी पुढे बसलेली वर्ला त्यांच्या कोटाची डावी बाजू बघत होती. कापड आतून हलत होतं. पुढे ते कमी हलायला लागलं. मग हलेनासं झालं.

वर्ला उठली. "ब्रदर, कोट काढा. आत पाखरू मरतंय."

"ऐकलंत?" टगल हसले. "मी तुम्हाला काय सांगत होतो? सैतान कधीकधी म्हाताऱ्या बाईच्या तोंडानेही बोलतो!"

"खाली बस!" मागून लोक ओरडले. "बाहेर काढा तिला!"

टगल आणखी बोलले, मुद्दाम बोलले. शेवटी त्यांनी हात रिकामे दाखवले, रुमाल झटकला. कबूतर निघालं, पण उडालं नाही. ते नेडाच्या मांडीवर पडलं. मान लोंबत होती आणि चोच तशीच उघडी होती.

तंबूत एवढी शांतता झाली की फक्त पुठ्ठ्याचे पंखे ऐकू येत होते. टगल यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्या माणसाची जीभ कधीच उपाशी राहणार नव्हती.

"बंधूंनो!" त्यांचा आवाज कापत होता, आणि तो कापवायचा कसा हे त्यांना येत होतं. "या पाखराने आमच्या सिस्टरचा रोग स्वतःवर घेतला! तिच्यासाठी प्राण दिला!"

"हालेलुया!" तंबू दणाणला.

वर्लाने ते पाखरू उचललं. ते अजून गरम होतं. "टगल, निदान याची झोळी तरी सोडवायची होती!" असं म्हणून तिने पाखराच्या अंगावरची कापडी झोळी सोडवली आणि दोऱ्याच्या फासासकट वर धरली. "हे बघा सगळे. स्वर्गातून आलेल्याला मासे धरायचा दोरा कशाला लागतो? आता यांना म्हणावं, कोटाचं अस्तर उलटून दाखवा."

टगल यांनी कोट दोन्ही हातांनी घट्ट आवळला. मग वर्लाने नेडाच्या खांद्यावर आजही घातलेली आशीर्वादाची शाल ओढली आणि झटकली. घडीतून ज्वारीचे दाणे भुशावर पडले.

"याला दिवसभर उपाशी ठेवायचं, आणि दाणे फक्त पांढऱ्या शालीत द्यायचे. मग ज्याच्या खांद्यावर शाल, त्याची निवड प्रभूने केली! आणि ती चोच! अहो, ते प्रार्थना करत नव्हतं, पाणी मागत होतं. आधी पाखरू गेलं, आता पाळी नेडाची. तिच्याही चेहऱ्यावर तेज नाही, तिला साखर चढलीय. देवाशी माझं भांडण नाही; मीही दर रविवारी चर्चमध्ये असते. पण डोळे त्यानेच दिलेत ना? मग मिटता कशाला?"

काही जण मान खाली घालून टबाशी गेले आणि एकमेकांकडे न बघता आपापल्या बाटल्या शोधू लागले. लॉर्ना केसलरच्या नवऱ्याने कुबड्या उचलल्या. पण बरेच जण जागचे हलले नाहीत. "तुझ्या अविश्वासाने मारलं त्याला!" असं म्हणत एका बाईने वर्लाच्या अंगावर पंखा फेकला.

वर्लाला त्याचं काही वाटलं नाही. ती नेडाकडे बघत होती. नेडाने मेलेल्या पाखराच्या छातीवरून बोट फिरवलं. मधलं हाड उपासाने धारदार वर आलं होतं.

"तू गप्प बसली असतीस," नेडा अडखळत म्हणाली, "तर ते जगलं असतं." आणि ती बाकावरून कलंडली.

नेडा वाचली. डावं पाऊल वाचलं नाही. टाचेतली ती काडी, आणि अंगात वाढू दिलेली साखर. घोट्याच्या वर कापावं लागलं. टबातून तिची इन्सुलिनची बाटली मिळाली होती, पण त्या उकाड्यात ते औषधही नासून गेलं होतं. शेरीफने टगल यांना विचारपूस करून सोडलं. कबूतर मेलं हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हता, आणि बाकी सगळं लोकांनी राजीखुशीने केलं होतं. तंबू पुढच्या गावाला गेला. तिथे म्हणे टगल आता सांगतात, हार्लन बेंडमध्ये एका पाखराने एका बाईसाठी प्राण दिला.

शरदात नेडा वर्लाकडे राहायला आली. मागच्या ओसरीवर खुर्चीत बसून ती कबुतरं बघत असे. मग एका दुपारी एक कबूतर तिच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसलं.

"हे नेहमी असंच गप्प असतं?"

"हो."

"चोच उघडतच नाही?"

"नाही. त्याला तहान लागलेली नाही."

नेडा पांघरुणाखालच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. "मलाही लागली होती, वर्ला. केवढी तहान लागली होती! सगळा तंबू बघत होता, आणि सगळे टाळ्या वाजवत होते."

आपलं सांगणं एवढंच आहे, की कुणी तुमच्यासमोर धापा टाकत असेल, मग ते पाखरू असो की सख्खी बहीण, तर त्याला चमत्कार म्हणू नका. आधी पाणी द्या, डॉक्टरला बोलवा. आणि उन्हाळ्यात लोकरी कोट घालून कुणी उभा राहिला तर त्याला सगळ्यांदेखत विचारा, की बाबा, कोटाच्या आत काय आहे?

वर्ला उठली आणि कबुतरांच्या वाटीतलं पाणी बदललं.