टीव्हीच्या काचेवरचं कुंकू

उत्तमरावच्या ओट्यावर टीव्ही मांडला की पूरं गाव चपला काढून बसे. सिनेमा असता तर कोणी काढल्या नसत्या. पण ही महाराजाच्या भजनाची कॅसेट होती. चिखलीले बाजाराच्या मैदानात महाराज पेटी घेऊन गायले, तिथंच त्याची शूटिंग झाली, अन् ती कॅसेट गावोगाव फिरून राह्यली होती. आधी टीव्हीले हार, मंग नारळ, मंग व्हीसीआरसमोर उदबत्तीचा पुडाच्या पुडा. त्या धुरानं मशीनबी खोकलत असन.

चित्र म्हणसान तर गढूळ पाण्यात पाहून राह्यल्यासारखं. महाराजाचं नाक कुठी संपते अन् मिशी कुठी सुरू होते, काई पत्ता नाई. खालून पांढरे पट्टे वर चढत. आरती फिरली की ज्योतीमागं हे लांब शेपूट. अन् त्या सगळ्यात एक हिरवट-पांढरा उजेड, लिंबाएवढा. कधी महाराजाच्या कपाळावर, कधी तबल्यावर, कधी बसेल लोकायच्या तोंडावर.

"पाहा मायबापहो, पाहा!" भगवानराव टीव्हीच्या बाजूले उभा राहून ओरडे. हा महाराजाचा शिष्य, कॅसेटी घेऊन फिरणारा. "हे तेज! तिथं बसून कोणाले दिसलं? कोणालेच नाई! काऊन? आपले डोळे पापी. कॅमेऱ्याचा डोळा निष्पाप, त्यानं कधी कोणाचं वाईट पाह्यलं नाई! ज्याच्यावर हे तेज बसलं त्याचं दुखणं गेलं. वरून औषध घेसान, तर तेजाचा अपमान!"

बायका हात जोडत. मले हसू येई. पण ते हसू लवकरच जिरलं, कारण तो उजेड माह्या बहिणीवर येऊन बसला.

माही बहीण बेबीताई. दुसरबीडले दिली होती, नवऱ्याचं रस्त्याच्या कडेले चहाचं हॉटेल. लग्नाच्या दुसऱ्या साली तिले खोकला लागला तो थांबेच ना. चिखलीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला अन् सांगतलं, टीबी हाये, बरा होते, पण गोळ्या वर्षाच्या वर घ्या लागन, मधात सोडाच्या नाई. सासरच्यायनं तिले कपड्याच्या पेटीसगट आमच्या घरी आणून सोडलं. "बरी झाली की धाडा," म्हणे.

गोळ्या लागू पडल्या. ताईच्या गालावर मांस आलं. ज्वारी निवडाले बसे, माह्यावर ओरडे. सातवीत मास्तरच्या हातची छडी मी मोडली अन् शाळा सुटली, तवापासून माह्यावर ओरडाचं काम तिचंच होतं. तेवढ्यात ते भजन झालं. आईनं तिले जीपीत घालून नेलं. मंग कॅसेट आली, अन् कॅसेटमंधी लोकायवरून सरकत सरकत तो उजेड ताईच्या तोंडावर थांबला.

आई तिथंच रडाले लागली. बायकायनं उठून टीव्हीच्या काचेवर, जिथं उजेड होता तिथंच, हळदकुंकू लावलं. घरी आल्यावर बाबानं गोळ्यायची बाटली उकिरड्यावर फेकली.

"बाबा, ती गोळ्यायनंच बरी होऊन राह्यली!" मी म्हणलं.

"सातवी नापास पोट्टी, मले शिकवतं?"

"मंग भगवानराव कितवी पास हाये, सांगा बरं?"

बाबानं चप्पल फेकून मारली. ताईच मधात पडली. "राहू दे वं वच्छे. गोळ्यायनं मले लय मळमळते. अन् बरं वाटून राह्यलं ना आता."

बरं वाटलं ते कपाशी फुटेपर्यंत. मंग खोकला परत आला, पहिल्यापेक्षा जोरात. रात्री तिचं अंग असं तापे की गोधडीतून चटका लागे. आई भगवानरावले विचाराले गेली. तो म्हणे, "दुखणं बाहेर पडून राह्यलं, माउली. तिले रोज कॅसेट दाखवा."

मंग काय, रोज सांजच्याले ताईले गोधडीत गुंडाळून उत्तमरावच्या ओट्यावर नेऊन बसवत. ती टीव्हीकडं अशी पाहे, जसं हिवाळ्यात माणूस शेकोटीकडं पाह्यते. मी तिच्या पाठीले टेका देऊन बसे. महाराजाचं गाणं मले पाठ झालं होतं, त्याच्या मिशीचा कंटाळा आला होता. म्हणून मी काचेकडं पाहे. काचेवर ते कुंकू वाळेल होतं. देवाचं कुंकू कोण पुसन?

अन् मले दिसलं.

महाराजावर उजेड आला, कुंकवाच्या खाली. तबल्यावर आला, कुंकवाच्या खाली. ताईवर आला, तरी कुंकवाच्याच खाली. कॅमेरा फिरे, माणसं बदलत, उजेड कुंकवाखालून बोटभरबी हलेना. म्हणजे तो कोणावर जातच नव्हता. आपल्या जाग्यावर बसेल होता. माणसंच त्याच्या खालून चालली होती.

मी कोणाले काई बोलली नाई. मी बोलली असती तर भांडणच झालं असतं, अन् माह्या भांडणाले गावात कोण किंमत देते? पण एक आठवलं. भजनाची शूटिंग चिखलीच्या गुलाबराव व्हिडिओवाल्यानं केली होती. ताईच्या लग्नाचीबी त्यानंच केली होती. सासरकडची हौस. ती कॅसेट ताईच्या पेटीत होती. आमच्या घरी ना टीव्ही ना मशीन, कधी कोणी पाह्यलीच नव्हती.

"ताई, पेटीची चाबी दे."

"काऊन वं?"

"तुले नवरीच्या शालूत पाहाचं हाये."

ताई हसली. लय दिवसानं हसली. चाबी तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती.

त्याच हप्त्यात भगवानरावनं गुलाबरावले गावात आणलं, शालनारळ द्याले. "हेच ते कॅमेरावाले! यायच्याच डोळ्यात महाराजानं तेज भरलं!" गुलाबराव खाली मान घालून बसेल. कॅसेट लागली, उजेड आला, हात जोडल्या गेले. मी उठली.

"उत्तमकाका, मशीन थांबवा."

"बस वं खाली!" मागून कोणी ओरडलं.

"बसते. आधी तुम्ही कुंकू पाहा. हे तुमच्याच बायकायनं लावेल हाये, मी नाई. उजेड त्याच्या खालून कधी सरकला, ते मले एकानं दाखवा."

लोक पाहाले लागले. उत्तमरावनं कॅसेट पुढं नेली, मागं आणली. सत्यभामाबाई, कुंकू लावणारी पहिली बाई तीच, ती पार काचेजवळ जाऊन बसली. "खरंच वं माय," ती म्हणे, "हालत नाई."

"तेज स्थिर असते!" भगवानराव ओरडला. "चंचल तर मन हाये!"

"बरं. मंग हे पाहा." मी लग्नाची कॅसेट लावली. "हे ताईचं लग्न. तवा तुमच्या महाराजाचं नावबी कोणाले माहीत नव्हतं."

मांडव दिसला. वाजंत्रीवाला दिसला, अन् त्याच्या गालावर उजेड, बरोबर कुंकवाखाली. मंग उजेड आचाऱ्याच्या उघड्या पोटावर. मंग बुंदीच्या कढईवर. मंग मांडवाखाली झोपेल कुत्र्यावर.

"महाराजाची कृपा कुत्र्यावर झाली बे!" एक पोट्टा ओरडला, अन् पूरा ओटा हसला. बाबा हसले नाई. ते ताईकडं पाहून राह्यले होते.

"गुलाबकाका," मी म्हणलं, "आता तुम्ही बोला. माह्या बहिणीच्या गोळ्या बंद हायेत."

त्यानं शाल खांद्यावरून काढून खाली ठेवली. "कॅमेऱ्यात काचेची नळी असते, पोरी. चित्र तिच्यावर उमटते. एका लग्नात माह्या हातून कॅमेरा बत्तीच्या तोंडावर तसाच राहून गेला, अन् नळी तेवढ्या जागी जळाली. वेल्डिंगकडं पाह्यल्यावर डोळे मिटले तरी ठिपका दिसते का नाई? आपला ठिपका जाते, नळीचा जात नाई. मंग जे काढा, त्याच्यावर तो डाग येते. आरतीमागचं शेपूटबी तसंच, नळी उजेड लवकर सोडत नाई. अन् पट्टे कॅसेट घासून घासून. मी नवी नळी टाकणार होतो. हे भगवानराव म्हणे, राहू द्या."

सगळ्यायनं वळून पाह्यलं, तर भगवानराव ओट्याखाली आपल्या चपला हुडकून राह्यला होता. त्याले त्या सापडल्या नाई. अनवाणीच गेला.

लोकायनं मले शाबासकी देली. मी ताईजवळ गेली. ती टीव्हीकडंच पाहून राह्यली होती.

"वच्छे," ती हळूच म्हणे, "मंग माह्यावर काईच नव्हतं पडलं?"

मी तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली. "गोळ्या पडल्या होत्या ना वं पोटात," मी म्हणलं. "त्यायनंच तुले बरं वाटत होतं."

"अन् त्या आपणच फेकल्या," ती म्हणे.

दुसऱ्याच दिवशी बाबानं तिले डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर बाबावर चिडला नाई, तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणला, की मधात सोडल्यानं रोग गोळ्यायले शिरजोर होते. ताई होळीच्या आधी गेली.

बाबा अजूनबी उकिरड्यावरून जाताना थांबते.

तेराव्यानंतर आईनं उत्तमरावले इनंती केली, लग्नाची कॅसेट एकदा लावा म्हणून. ताईचा हसता-बोलता चेहरा दुसरीकडं कुठीच नाई. कोणी नारळ फोडला नाई. ताई मांडवात आली, हातात हार, नवऱ्याकडं पाहून लाजली, अन् नेमका तो डाग तिच्या तोंडावर आला. आई उठली अन् पदरानं काच पुसाले लागली. कुंकू गेलं. डाग जाईना.

"आई, तो काचेवर नाई," मी म्हणलं. ती पुसतच राह्यली.

तुमच्या गावातबी अशी कॅसेट येईन. हात जोडाच्या आधी त्यातला एक हात काचेवर ठेवा, उजेड बोटाखालून हालते का ते पाहा. नाई पाह्यलं तरी चालन. पण घरात कोणाच्या गोळ्या चालू असन, तर त्या फेकू नका.