मुन्नाचे वाळे

कुटुंबाचे अधिकृत म्हणणे असे होते, की मुन्नाला आईवाचून क्षणभर करमत नाही; पहाटे आई अंथरुणातून उठली की त्याला झोपेतही ते कळते; तो आपोआप जागा होतो, रडत रडत मैदान गाठतो; आणि ज्या घरात असे लेकरू आहे, त्या घरातल्या बाईने पोलीस भरतीचा नाद सोडावा यातच लेकराचे हित आहे. मुन्नाचे वडील विजयकुमार यांनी हे म्हणणे आपल्या पाइप-मोटारींच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, हट्टा गावच्या बसथांब्यावर आणि फोनवरून सासऱ्यांनाही ऐकवले. ते इतक्यांदा ऐकवले गेले, की त्याला पुरावा विचारण्याचे कोणाला सुचले नाही. वारंवार उच्चारलेले विधान सिद्ध मानावे, ही आपल्याकडची तर्कपद्धती फार जुनी आहे, आणि तिच्यावर अनेक घरे सुखाने उभी आहेत.

म्हणण्यातला एक शब्द तरी पहिल्याच दिवशी खोटा ठरायला हवा होता. मुन्ना रडत येत नसे. तो हसत येई. अंगात नुसता सदरा, डोळ्यांत अर्धी झोप, पायांत चांदीचे वाळे खुळखुळत. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने आखलेल्या गोलात शिरून तो थेट आईच्या पायांवर आदळे. मागून त्याची आजी मंजुळाबाई धापा टाकत येत. “घे बाई तुझं लेकरू! माझा जीव घ्यायला जन्मलंय.”

“वैनी, तुमचे उस्ताद आले बघा,” सोबत धावणारी शेजारची कोमल म्हणे. “आता शिट्टी तेच वाजवणार.”

मुन्नाने दुसरे वर्ष नुकतेच ओलांडले होते. कोंबड्यांचा खुराडा उघडणे, चपला हौदात बुडवणे, ट्रॉलीवर चढून खाली उतरवा म्हणून ओरडणे आणि उतरवले की पुन्हा चढणे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. त्याला कडेला बसवून सराव करावा, तर तो लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू खाई. खांद्यावर घेऊन धावावे, तर आई म्हणजे घोडी आहे असे समजून टाचा मारी. त्याच्या आईने, पुनमने, हे दोन्ही करून पाहिले. आठशे मीटरचे अंतर तिला आता दमवत नव्हते. वेळेत बसायला थोडेच कमी पडत होते. ते थोडे सलग सरावाशिवाय भरून निघणारे नव्हते, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती होती. पहिल्या फेरीच्या आत सराव मोडला की ती लेकरू उचलून घरी येई, चहा ठेवी, आणि ओसरीवरून विजयकुमार जांभई देत म्हणत, “आज बी आलं का मागं? मला तर जागच आली न्हाई बघ.”

झोपेविषयीची ही साक्ष साक्षीदाराने रोज, कोणी न विचारता दिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एका सकाळी पुनम मुन्नाच्या पायांची फक्की झटकत होती. वाळ्याचा पेच घट्ट आवळलेला होता. ती तशीच बसून राहिली. कोमल एक फेरी मारून परत आली तरी उठली नाही. मुन्ना झोपेत टाचा आपटतो म्हणून वाळे रात्री काढून भिंतीतल्या उंच देवळीत ठेवण्याची त्या घरची रीत होती, आणि काल ते तिने स्वतः काढले होते. परवाही. रोजच. दोन वर्षांचे मूल उठू शकते, पळू शकते, आईचा माग काढू शकते असेही वादापुरते मान्य करू. पण ते स्वतःच्या पायात वाळे घालून पेच आवळू शकते, असे म्हणण्याचे धाडस अजून कोणत्याही शास्त्राने केलेले नाही.

ती घरी काही बोलली नाही. त्या रविवारी निर्णयासाठी तिचे वडील पुंजाजी पुसेगावहून येणार होते.

ते आले, जेवले, आणि ओसरीवर बैठक बसली. मुन्नासाठी त्यांनी आणलेले फुटाणे त्याने आधीच कोंबड्यांना वाटले होते.

“मामा, माझी काही ना न्हाई,” विजयकुमार म्हणाले. “मी तर म्हणतो, बायांनी पुढं जावं. पण लेकराचे हाल बघवत न्हाईत. तुमीच सांगा तिला.”

“जावईबापू म्हणतेत ते बराबर असंल, पुनम. लेकराला तकलीफ होत असंल तर—”

“बाबा, मला आधी आत्याबाईला एक विचारू द्या.” पुनम सासूकडे वळली. “आत्याबाई, सकाळी मुन्नाला वाळे कोण घालतंय?”

“मला काय माहीत बाई? वाळ्याच्या आवाजानंच मला जाग येती. तवर ते वाटेवरल्या चिंचेच्या पुढं गेलेलं असतंय. पोरगं हाय का वासरू!”

“तुमी न्हाई घालत?”

“मी? दिवाळीला पडले तवापासून माझा हात खांद्याच्या वर जात न्हाई. येणी घालायला तुलाच बसवते ना? त्या देवळीत कशाचा हात पुरंल माझा!”

पुंजाजींनी मान वर करून देवळी पाहिली आणि ते मोठ्याने हसले. “मंग नातूच घालतोय म्हणायचं! लई हुशार हाय. पेच बी आवळतोय.”

“काढायचे राहिले असतील एखाद्या रात्री,” विजयकुमार म्हणाले.

“रोज राहिले?” पुनमचा आवाज चढला नव्हता. “अहो, नुसतं उठवून सोडलं असतं तर मला जन्मात कळलं नसतं. वाळे काहून घातले, तेवढं सांगा.”

उत्तर अनपेक्षित बाजूने आले. “बाई गं, चिंचेखालून लेकराला तसंच जाऊ द्यायचं का?” मंजुळाबाई म्हणाल्या. “पायात चांदी नसली तर बाहेरचं लागतंय, ह्याला मी लहानपणापासून सांगत...” आणि त्या थांबल्या. त्यांनी विजयकुमारांकडे पाहिले.

विज्ञानाचे पदवीधर असलेले विजयकुमार गावात या चिंचेची यथेच्छ चेष्टा करत. नवरात्रात तिथे दिवा ठेवणाऱ्या बायकांना ते अडाणी म्हणत. पण बायकोला फसवणे निराळे आणि चिंचेला फसवणे निराळे. पहिल्यासाठी लागणारे धैर्य त्यांच्याकडे मुबलक होते. दुसऱ्यासाठी मात्र अंधारात चाचपडत देवळीतून वाळे काढून, झोपाळू पायांत बसवून, पेच आवळावा लागे. ही काळजी खरी होती, आणि तिनेच त्यांना पकडून दिले. पोटच्या पोराला अर्ध्या झोपेतून उठवून धोंड म्हणून आईच्या पायात सोडायचे, आणि सोडताना त्याला बाहेरची बाधा होऊ नये याची दक्षता घ्यायची: अशा प्रेमाला आपल्या भाषेत वेगळे नाव नाही, त्यालाही प्रेमच म्हणतात.

“आई, तू मधी काहून बोलून राहिली?” विजयकुमार म्हणाले.

“जावईबापू,” पुंजाजींचे हसू गेले होते, “आता तुमीच बोला. माझी पोरगी ऐकून राहिली.”

मुन्ना तेवढ्यात बापाच्या पाठीवर चढून त्यांचे कान ओढू लागला होता. त्याला कोणी उतरवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुनम पहाटे मैदानावर एकटी जाते आणि सराव पुरा करून येते. मुन्ना उजाडेपर्यंत झोपतो. आईवाचून क्षणभर न करमणारे लेकरू तिच्या परतण्याआधी कधी जागे झाल्याचे मंजुळाबाईंनाही आठवत नाही. भरतीचा निकाल लागायचा आहे, पण मूळ म्हणण्याचा लागला. त्यावर आरोपीच्या शब्दांपलीकडे भाष्य करण्याचे कारण नाही. ते शब्द, त्या दुपारी ओसरीवर सर्वांसमक्ष उच्चारले गेले तसेच, असे:

“व्हय, मीच उठवत होतो. गाढ झोपलेला असायचा तो. गालाला हात लावून उठवायचो, वाळे घालायचो अन् दारात सोडून म्हणायचो, आई पळून राहिली, जा, धर. मी बी लग्नाच्या आधी भरतीला गेलतो, पुनम. तुला कधी सांगितलं न्हाई. पळताना निम्म्यातच बसलो होतो खाली. तू रोज माझ्या पुढं जाऊन राहिली होतीस अन् मला अंथरुणात पडून ते कळत होतं. लेकराचे हाल बिल काही नव्हते. तू नापास व्हावी, एवढंच पाहिजे होतं मला.”