न तुटणारा सूर

पूर्वा भिवंडीत पॉवरलूमचे कंट्रोल पॅनेल दुरुस्त करते. एका मालकाने माळा साफ करताना तिला एक जुना घरगुती कॉम्प्युटर देऊन टाकला. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचा. भिवंडीतल्याच टेमघरला, तिच्या राहत्या खोलीत तो सुरू होऊन पीं-पीं करू लागला, तेव्हा तिच्या मनात बापाचा विचार आला.

तिचा बाप जान्या वज्रेश्वरीकडच्या पाड्यावर नाचाला तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, वाजवायचा. दम्याने छाती धरली, डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली, तसा तो लेकीकडे राहायला आला. तारप्याचं नावही काढत नसे.

पूर्वाने कीबोर्डच्या एकेका कळेला एकेक सूर लावून दिला. जान्याने थोड्या कळा दाबल्या नि हात मागे घेतला.

"बोट उचललं की मरतंय हे. तारप्याचा सूर तुटत न्हाय, पोरी. गालात वारा धरून नाकानं श्वास घ्यायचा."

"आणखी काय चुकलं?"

"येका बोटाचा येक सूर नसतो. कुठली भोकं झाकली, कुठली उघडी, ते मिळून सूर व्हतो."

कॉम्प्युटरला मात्र एका वेळी एकच कळ समजायची. मग पूर्वाने कळांखालच्या तारा थेट वाचणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. काही कळा एकत्र दाबल्या की न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसे; तसल्या कळा तिने वगळल्या. सगळी बोटं उचलली तरी सगळ्यात खालचा सूर चालू राहील, असं केलं.

रविवारी सकाळी जान्या पुन्हा बसला. बोटं आधी अडखळली, मग चाल सापडली. त्याचे गाल फुगलेले पाहून पूर्वा घाबरली.

"बाबा, फुंकू नको!"

"फुंकत न्हाय गं. आपसूक फुगतात."

बऱ्याच वेळाने त्याने हात उचलले. सूर चालूच राहिला.

"आता ह्याला थांबवायचं कसं?"

थांबवायची सोय करायला पूर्वा विसरलीच होती. तिने टीव्हीचा आवाज बंद केला.

"आधी माजा दम सरला की नाच थांबायचा," तो म्हणाला. "आता मलाच ठरवाया लागंल."

"थांबायची कळ कुठं देऊ?"

त्याने कोपऱ्यातली दाखवली. "तिकडं. चुकून लागाय नको."

पूर्वा ते लिहीत असताना त्याने बहिणीची आठवण काढली. "गुणाबाईला फोन लाव. नाचात तिचे पाय पडल्याबिगर चाल बराबर हाय का, कळायचं न्हाय."