सुंदरबाईच्या लुगड्यावर जळणारा कोट

मी नानासाहेब वकिलांचा काळा कोट बोलतोय. एका विटक्या लुगड्यावर मी आजही जळतो, हे आधीच सांगून टाकतो.

धुळ्याच्या हिलाल शिंप्यानं मला शिवलं, तेव्हा काय माझा तोरा! मला पाहून अशील हात जोडायचे, पट्टेवाला वाट करून द्यायचा. घरी बायकोला भिणाऱ्या नानासाहेबांचा आवाज कोर्टात चढायचा, तो माझ्यामुळेच असं मला वाटे.

सन त्रेपन्नच्या उन्हाळ्यात शिंदखेड्याकडच्या लोटननं आम्हाला वकीलपत्र दिलं. त्याच्या धाकट्या भावाच्या विधवेनं, सुंदरबाईनं, त्याच्यावर दावा लावला होता. सामाईक विहिरीवर आठवड्यात तीन दिवस तिच्या पाण्याची बारी असे. लोटननं ती बंद पाडली. तिची बारी कधी नव्हतीच, असं आमचं म्हणणं. कागद कुणाकडेच नव्हता.

ती एकटीच उभी राहिली. अंगावर विटकं लुगडं, खांद्याला ठिगळ. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचे वकील कुठे आहेत?"

"मनी गोट मीच सांगसू, साहेब. वकीलले इहीर दखाडू तवलगून मनी मिरची वाळी जाई." वकिलाला विहीर दाखवेपर्यंत तिची मिरची वाळून जाणार होती म्हणे!

नानासाहेबांनी तिला असे आडवेतिडवे प्रश्न घातले, की दोनदा ती गोंधळली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

मग लोटन पिंजऱ्यात आला. तिनं पदर सावरून एवढंच विचारलं, "भाऊ, गये साल मोटना नाडा तुटना. नवा कोनी आणा?"

"तूच आणा!" लोटन फणकारला. "तुनी बारीले तुटना, मी का बरं आणू?"

ज्याच्या बारीला मोटेचा दोर तुटेल त्यानंच नवा आणायचा, हा विहिरीवरचा रिवाज. शहरात वाढलेल्या नानासाहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. नवा दोर तिनंच आणला असं सांगून लोटननं स्वतःच्या तोंडानं तिची बारी कबूल केली होती.

सगळे तिच्याकडे बघत होते. माझ्याकडे एकानं पाहिलं असेल तर शपथ! त्या ठिगळाच्या लुगड्यानं असे काय दिवे लावले होते? माझा अगदी जळफळाट झाला.

आठ दिवसांनी निकाल तिच्या बाजूनं लागला. नानासाहेबांनी रागानं मला बाकावर भिरकावलं आणि तसेच चालते झाले. मी घसरून खाली पडलो. लोक मला तुडवत निघाले. तेव्हा सुंदरबाईनं वाकून मला उचललं, झटकलं, छातीशी धरलं आणि ती त्यांच्यामागे धावली, "नाना, तुमना कोट ऱ्ही गया!"

त्या दहा पावलांत मी त्या लुगड्याला टेकलो होतो. जळत होतो, पण सुटावंसं वाटेना.

आता नानासाहेबांनी वकिली सोडलीय. मला कसर लागलीय. त्यांची पत्नी सुगंधाबाई मला बोहारणीला द्यायचं म्हणतात. द्या, अक्का, खुशाल द्या. फक्त शिंदखेड्याकडे जाणारी बोहारीण बघा. थंडीत पहाटे मोट धरताना सुंदरबाईला अंगावर काहीतरी लागेलच. तिनं मला त्या लुगड्यावरून घातलं, तरी चालेल.