कपाटामागचा सात नंबर

१४ नोव्हेंबर. सकाळी कोरडी थंडी, उन्हात दम नाही. चिकटवायची खळ वाळायला नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला.

त्या दिवशी माझा जन्म झाला. मी एक तक्ता बोलतोय. शाळेत भिंतीवर टांगतात तसला, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी असलेला. माझ्यावर स्त्रीच्या आणि पुरुषाच्या शरीराच्या आतली चित्रं आहेत. त्यांच्याखाली आठ ओळी आहेत : गर्भ कसा राहतो, आणि नको असेल तर तो कसा टाळता येतो. आठ तक्त्यांच्या संचात माझा नंबर सातवा.

छापखान्यात मला गुंडाळलं ते मावशीने. ती सगळ्यांचीच मावशी होती, मालकसुद्धा तिला तसंच म्हणत. गुंडाळी घट्ट करायची, तिच्याभोवती कागदी पट्टी लावायची आणि जोडावर गोल शिक्का मारायचा, अर्धा पट्टीवर नि अर्धा माझ्या पाठीच्या कापडावर. "वाटेत कुणी माल बदलू नये म्हणून," ती नव्या पोरींना सांगायची. "पट्टी फाडल्याशिवाय तक्ता उघडत नाही. आणि शिक्क्याचे दोन तुकडे पुन्हा जुळवणं कुणाच्या बापाला जमत नाही."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढे नऊ वर्षं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

शाळेत संच आला तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी बाकीचे सात तक्ते भराभर उघडले. माझ्या दांडीवरची चिठ्ठी वाचली आणि मला विंचवासारखं दोन बोटांत धरून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं.

"सर, हा तुमच्याकडेच राहू दे. वर्गात नुसता फाजीलपणा होईल."

"कपाटामागे ठेवा. कुणी मागितला तर बघू."

कुणी मागितला नाही. पचनसंस्था भिंतीवर मिरवत होती, सांगाडा दारामागे दात दाखवत उभा होता, आणि मी कपाटाच्या पाठीशी नाक लावून. एका पालीने माझ्या टोकाशी दोनदा संसार थाटला. तिलाही कुणी काही शिकवलं नव्हतं. पण पालीचं ठीक आहे, तिच्या हातात कुणी शाळा सोडल्याचा दाखला देत नाही.

धूळ मी सहन केली असती. सहन झाली नाही ती बाईंची टाचणवही, वर्गात काय शिकवलं त्याची नोंद. दर डिसेंबरात बाई ती वही सहीला आणायच्या आणि सर अर्धवट मोठ्याने वाचायचे : "धडा नववा. तक्ता क्रमांक सात दाखवून चर्चा केली. विद्यार्थ्यांनी शंका विचारल्या. छान." सही. मी हातभर अंतरावर, पट्टी न फाटलेला! खरं काय व्हायचं ते शिपाईकाका साफसफाई करताना पुटपुटायचे : "'हा धडा घरी वाचा, परीक्षेला येत नाही.' झाली चर्चा."

त्या खोलीत मी नऊ वर्षांत दिवस गेलेल्या चार मुली पाहिल्या. सर अशा वेळी फार सौजन्याने वागत. खुर्ची ओढून देत, पाण्याचा पेला पुढे करत. "मुलीचं नाव खराब व्हायला नको," म्हणत, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण लिहीत : कौटुंबिक. चौघींपैकी एकीने जाताना पेन टेबलावर परत ठेवलं, शाळेचं होतं म्हणून. तेव्हापासून मी डूख धरला. ज्याला हात-पाय नाहीत त्याने सूड कसा घ्यावा? वाट बघावी. पट्टी जपावी. दमट दिवसांत खळ सुटायला बघे, तेव्हा मी अंग आखडून धरायचो.

३ फेब्रुवारी. धुकं. दहा वाजले तरी खोलीतला दिवा चालू होता.

पाचवी मुलगी आली. दहावीतली, पंधरा वर्षांची, बुटकी म्हणून सगळे तिला टिंगू म्हणत. सहावा महिना होता. परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि दाखला टेबलावर लिहून तयार होता. मुलगा याच शाळेत अकरावीत. तो मैदानावर चेंडू खेळत होता, त्याच्या ओरडण्याचा आवाज खिडकीतून येत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

टिंगूबरोबर जी बाई आली तिच्या बोटांना खळीचा वास होता. मी ओळखला. आई गेल्यापासून टिंगूला याच मावशीने वाढवलं होतं, सख्ख्या मावशीने.

या वेळी नव्या नियमाप्रमाणे दाखल्यावर सही करायला शाळा समितीचे अध्यक्षही आले होते. त्यांचं औषधांचं दुकान होतं. वाचल्याशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही ही सवय तिथली. विज्ञानाच्या बाई टेबलाशी उभ्या होत्या.

"तिला परीक्षेला बसू द्या," मावशी म्हणाली. "मग हवं तर काढा शाळेतून."

"बसवलं तर बाकीच्या मुलींनी काय समजायचं?" सर म्हणाले. "शाळेने आपलं काम केलंय. ही बघा टाचणवही, गेल्या वर्षीची. तक्ता क्रमांक सात दाखवून चर्चा केली. इतकं शिकवूनही मुलीने असं केलं, तर तो दोष घरच्या वळणाचा."

"सात नंबर कधी आणलाच नाही," टिंगू खाली बघत म्हणाली.

"काय?"

"मी विचारलं होतं बाईंना. भिंतीवर सहानंतर एकदम आठ कसा? तर म्हणाल्या, फार शहाणी आहेस, खाली बस."

"खोटारडी!" बाई उसळल्या. "दाखवलाय मी. दरवर्षी दाखवते."

"मग आणा ना तो," मावशी म्हणाली. "बघू तरी."

सर काही म्हणायच्या आत दाराशी उभ्या शिपाईकाकांनी पुढे होऊन कपाटामागे हात घातला. मला काढलं, फुंकर मारली आणि नेमकं मावशीच्या हातात दिलं. सर शिंकले. मला फार बरं वाटलं.

मावशीने मला फिरवलं. अंगठा पट्टीवरून नेला, शिक्क्यावर थांबली. मग हसली. पण ते हसू बघून बाई एक पाऊल मागे सरकल्या.

"अध्यक्षसाहेब, तुम्ही औषधवाले. सीलबंद बाटलीतलं औषध कुणाला पाजलं म्हटलं, तर खरं मानाल?"

"नाही."

"ही पट्टी आमच्या छापखान्याची. मी स्वतः लावते. हा शिक्का बघा, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. केसाएवढाही हललेला नाही. दरवर्षी बाईंनी हा तक्ता दाखवला तो काय बाहेरून हुंगून?"

शिपाईकाकांना खोकला आला. अध्यक्षांनी चष्मा लावून शिक्का पाहिला. मग विचारलं, "बाई, दाखवला होता?"

बाईंनी टेबलावरची टाचणवही मिटली.

"फाडू का?" मावशीने विचारलं. अध्यक्षांनी मान डोलावली. पट्टी फाटली. इतक्या वर्षांनी मी उलगडलो. पाठ कडकडली, पालीच्या अंड्यांची दोन टरफलं सरांच्या दाखल्यावर पडली.

"वाच गं," मावशी म्हणाली.

टिंगूने पहिल्या चार ओळी मनात वाचल्या. पाचवी मोठ्याने वाचली : "पहिल्याच संबंधातूनही गर्भ राहू शकतो." मग पुन्हा एकदा, हळू. "मावशी, तो तर म्हणाला होता, पहिल्या वेळी काही होत नसतं. त्यालाही खरंच तसंच वाटत होतं."

मैदानावर कुणीतरी 'आउट' म्हणून ओरडलं.

अध्यक्षांनी दाखला उचलला. "यावर मी सही करणार नाही," ते म्हणाले. "आधीचे असे किती दिलेत, सर?"

सर म्हणाले, "आठवत नाही."

मला आठवत होतं. चार.

मी आता नववीच्या वर्गात टांगलेला असतो. मला शिकवायचं काम समितीने बाईंनाच दिलं. पहिल्या तासाला त्यांनी छडी माझ्यावर ठेवली आणि पाचवी ओळ येताच मला खालून गुंडाळायला बघितलं. मी मुद्दाम ताठ राहिलो. एवढा सूड माझा हक्काचा. तुमच्या शाळेतही नंबर मोजा. एखादा कमी असेल, तर कपाटामागे हात घाला.

टिंगू २४ फेब्रुवारीला परीक्षेला बसली. सातपैकी सहा पेपर दिले. शेवटच्या दिवशी ती दवाखान्यात होती. ४ मे रोजी तिला मुलगी झाली, वजन एक किलो नऊशे. राहिलेला पेपर तिने सप्टेंबरात दिला आणि पास झाली. मुख्याध्यापकांची बदली झाली. आधीच्या चौघींना समितीने शाळेत परत या अशी पत्रं पाठवली. दोन पत्रं पत्ता चुकल्याने परत आली, एकीचं उत्तर आलं नाही, एक स्वतः शाळेत आली.